उंबरखारच्या उखळातलं नाव

उंबरखार गावात खाडीच्या बांधाला लागून एक मोठं दगडी उखळ जमिनीत रुतलेलं आहे. नवा माणूस आला की त्याला ती बुजवलेली विहीरच वाटते. पण ते जुन्या तेलघाण्याचं उखळ आहे. घाणा कधीच गेला, बैल गेले, घाण्यावरचं छप्परही गेलं. उखळ तेवढं राहिलं. आत वाकून पाहिलं तर तळापासून कमरेपर्यंत काजळी धरलेली दिसते. तेलाच्या घाण्याला काजळी कशी, असं येणारा प्रत्येक जण विचारतो.

त्याचं उत्तर सिपोराआजी देतात. गावात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, आता त्यांचं एकच घर उरलंय. बाकीचे कोणी ठाण्याला गेले, कोणी इस्राएलला. पाहुणे आले की आजी काठी टेकत उखळापाशी येतात, काठावर पदरानं धूळ झटकतात आणि बसतात. उभ्याउभ्या ही गोष्ट त्या कधी सांगत नाहीत.

मागे एकदा ठाण्याहून एक तरुण बाई आली होती. कडेवर लहान मुलगी. बारसं व्हायचं होतं आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलं होतं, नाव ठेवायच्या आधी उंबरखारला जाऊन ये. तिनं आजींना विचारलं, "हिचं नाव एस्तेर ठेवायचं म्हणतात. एस्तेर म्हणजे तारा ना? मी फोनवर वाचलं."

"तारा म्हणणारे म्हणोत," आजी म्हणाल्या. "तारा सगळ्या जगाला दिसतो. आमच्याकडे एस्तेर म्हणजे लपवलेली. बस इथं. पोरीला मांडीवर घे आणि ऐक."

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या काठावर बेने इस्राएलांची बरीच घरं होती आणि घरोघरी घाणा होता. शुक्रवारी दुपारी घाण्याची उखळात फिरणारी लाकडी लाट काढून भिंतीला टेकवायची, उखळ घासून कोरडं करायचं, बैल मोकळे सोडायचे. मग शनिवार मावळेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्या पोथ्या म्हणे पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा समुद्रात बुडाल्या होत्या. काय काय विसरलं त्याचा हिशेब नाही. देव एकच आहे असं सांगणारा शेमा तेवढा तोंडपाठ होता, आणि शब्बाथ, म्हणजे तो विश्रांतीचा वार, पाठ होता. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचा, आणि एकदा शब्बाथ लागला की विस्तव पेटवायचा नाही, विझवायचाही नाही.

याच उखळाच्या घरात मिलका नावाची सून होती. वयानं लहान, अंगानं बारीक. नवरा एलोजी, सासू नामीबाय. मिलका बाळंतीण होती. मुलगी झाली होती आणि अजून बारसं व्हायचं होतं.

मिलकाला भीती फार. असं सांगतात की ती झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास बोटाला लागला की तिला बरं वाटायचं, आणि बोट काढलं की परत भीती वाटायची. पोरगी रडली तरी भीती, रडली नाही तर जास्तच. नामीबाय वैतागून म्हणायची, "अगं, तिला झोपू दे की! तूच तिला सारखी जागं करतेस."

पण मिलकाच्या भीतीला कारण होतं. आधीचं पोर, मुलगा, तापानं गेला होता. तो शुक्रवार होता. खाडीवरून वारा आला आणि खिडकीतला दिवा विझला. शब्बाथ लागलेला, परत लावता येईना. घर अंधारात राहिलं आणि त्या अंधारातच पोर गेलं. नामीबायनं किती समजावलं की ताप होता, दिव्याचा काही संबंध नाही. पण मिलकाच्या मनात ते पक्कं बसलं. दिवा गेला म्हणून पोर गेलं. तेव्हापासून शुक्रवारचा दिवा ती दुसऱ्या कुणाला लावू देत नसे. वात जाड वळायची, तेल काठोकाठ भरायची आणि लामणदिव्याची साखळी ओढून ओढून पाहायची. या पोरीचं नावसुद्धा तिनं मनात धरलं नव्हतं. नाव धरलं की कुणाला तरी ऐकू जाईल, असं तिला वाटायचं.

दुसरी भीती अख्ख्या गावाची होती. भरतीच्या पाण्याबरोबर कधी कधी काळ्या शिडांची गलबतं खाडीत शिरायची. कुणाची होती ती? आजी सांगत नाहीत. म्हणतात, ज्याचा ज्याच्यावर राग तो त्याचं नाव घेतो, आपण कशाला घ्या. त्या गलबतांतली माणसं भात न्यायची, तेल न्यायची, गुरं न्यायची. आणि पोरी न्यायची. कुठे न्यायची ते कळायचं नाही, कारण परत कोणी आलं नाही.

खाडीला फाटे पुष्कळ, सगळे खारफुटीनं झाकलेले, सगळे सारखे. परका माणूस उजेडावरनंच गाव ओळखायचा. म्हणून टेकडीवरचा ढोल वाजला की चूल विझवायची, दिवे मालवायचे आणि टेकडीवरच्या रानात पळायचं. तिथं बोलायचं नाही, खोकायचं नाही.

आणि पोरांना रडू द्यायचं नाही.

शेजारच्या आगऱ्याची बामी, मिलकाच्या वयाची, बोलायला फटकळ. तिचं तान्हं पोर मागल्या खेपेला त्या रानात रडायला लागलं होतं. सगळ्यांनी वळून बामीकडे पाहिलं. बामीनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. गलबतं गेल्यावर तिनं हात काढला तेव्हा पोर थंड झालं होतं. गावानं तिला कधी काही म्हटलं नाही. तिनंही तो विषय कधी काढला नाही. फक्त मिलकाच्या पोरीला बघायला ती यायची आणि दारातूनच बघून जायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही.

तर तो शुक्रवार. पलीकडच्या गावात बेने इस्राएलांतलं एक म्हातारं माणूस वारलं होतं. एलोजी आणि घराघरातले पुरुष मातीला गेले होते. शब्बाथच्या आत परत येतो म्हणाले, पण भरती आली आणि होडी तिकडेच अडकली. घरात दोघीच. नामीबायचे गुडघे धरलेले, मिलका अजून उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची.

सूर्य पाण्याला टेकायला आला. नामीबाय म्हणाली, "मी लावते आज. तू पडून राहा."

"नको आई. मीच लावते."

मिलकानं खाडीकडच्या खिडकीत लामणदिवा लावला. हात डोळ्यांशी नेऊन शेमा म्हटला आणि बोटांचं चुंबन घेतलं. आत पोरगी झोपली होती. दिवा नीट जळत होता. वारा नव्हता. कितीतरी दिवसांनी मिलकाच्या छातीतलं ओझं थोडं हललं.

आणि ढोल वाजला.

आधी तिला वाटलं, आपल्याच छातीत वाजतंय. मग बाहेर माणसांची पळापळ ऐकू आली, कोंबड्यांचा कलकलाट झाला. बामी दारात येऊन थडकली.

"आयली गो, आयली! फाट्याशी आली गलबतं! अगो मिलके, बघतेस काय, दिवा मालव!"

मिलका खिडकीपाशी गेली. हात वर गेला आणि तिथंच राहिला. खाली बांधाच्या पलीकडे पाणी लाल दिसत होतं, आणि त्या लाल पाण्यात काळं काहीतरी वळत होतं. दिवा राहिला तर ते येणार. पोर नेणार. दिवा विझला तर... तिला तो मुलगा आठवला, त्याचं तापलेलं कपाळ, मग गार पडलेलं. दोन्हीकडून एकच गोष्ट जाणार होती.

नामीबाय भिंतीला धरून उठली. "मालव गं. शब्बाथ मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर. मी म्हातारी आहे, मी भोगीन."

"पापाचं नाही आई," मिलका म्हणाली. "पोरीचं आहे. दिवा गेला तर ती जाईल."

"सर बाजूला, मी मालवते," बामी म्हणाली. "मी काय तुमच्यातली नाय. तुमच्या देवाला शनवारची विश्रांती, नि या मेल्यांना नेमकी शुक्रवारची सवड!" ती खिडकीकडे धावली.

मिलकानं तिचा हात धरला. असा धरला की बामीची कांकणं पिचली. "बामी, तुझ्या पाया पडते. मालवू नको."

बामीनं तिच्याकडे पाहिलं. मग आतल्या झोळीकडे पाहिलं. असं सांगतात की आपलं पोर गेल्यावर तेव्हा ती पहिल्यांदा त्या घराचा उंबरठा ओलांडून आली होती, आणि ते तिच्याही ध्यानात आलं. तिनं लामणदिव्याची साखळी खुंटीवरून काढली, पदराआड दिवा धरला आणि बाहेर पडली. घाण्याच्या छपराखाली उखळ रिकामं होतं, शुक्रवारचं घासून कोरडं केलेलं. बामीनं साखळी हळूहळू आत सोडली. दिवा तळाला जाऊन बसला. वरचा उजेड एकदम गेला, जसा कोणी गिळला. साखळीचं टोक तिनं काठावर अडकवलं.

"आता चल वर."

मिलकानं टेकडीकडे पाहिलं. चढ तिला जमणार नव्हता. आणि वर रान होतं, गप्प बसलेली माणसं होती, आणि पोरगी रडली तर सगळे वळून तिच्याकडे पाहणार होते. "मी नाही येत. आईंनाही चालवत नाही. आम्ही इथंच बसतो."

"पोर दे मग. मी नेते."

असं बामी म्हणाली खरं, पण तिचे हात पुढे आले नाहीत. मिलकाच्या ते लक्षात आलं. जाताना ती मिलकाच्या कानाशी वाकली.

"मिलके, काय झालं तरी तिच्या तोंडावर हात ठेवू नको. ऐकतेस ना? काय झालं तरी."

आणि ती रानाकडे पळाली. तिची बाकीची मुलं वर होती.

नामीबाय पेंडीच्या ढिगामागे गोणपाटाखाली आडवी झाली. मिलका पोरीला घेऊन उखळाला टेकून बसली, खाडीकडे पाठ करून. उखळाचा दगड आतून कोमट व्हायला लागला होता. तो कोमटपणा तिच्या पाठीला लागत होता. एवढंच काय ते जिवंत वाटत होतं. अंधार पडला, गावात एक आवाज नव्हता. मग पाण्यावर वल्ह्यांचा आवाज आला. वल्हं पाण्यात, वल्हं बाहेर. मग बांधाला लाकूड घासलं. मग माणसं बोलली, परकी बोली, हळू आवाजात, कुणी हसलंसुद्धा. ते हसणं मिलकाला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पोरगी जागी झाली.

आधी तिनं मूठ चोखली. मग मान इकडं तिकडं केली. मिलकानं तिला छातीशी धरलं, पण भीतीनं दूध आटलं होतं. पोरीनं चोखून पाहिलं, सोडलं, आणि तोंड उघडलं. रडण्याआधी मूल एक मोठा श्वास घेतं ना, तो तिनं घेतला. बांधावर चिखलात पावलं वाजत होती. फच, फच. मिलकाचा हात आपोआप वर आला. तळहात पोरीच्या तोंडाशी गेला. पोरीचा गरम श्वास तिच्या तळव्याला लागला, तोच श्वास, जो ती रोज बोटानं शोधायची.

किती दाबायचं? किती दाबलं की आवाज थांबतो आणि श्वास थांबत नाही? हे बामीलाही माहीत नव्हतं.

मिलकानं हात मागे घेतला. आता काय करायचं ते तिला सुचत नव्हतं, पण हात ठेवायचा नाही एवढं ठरलं. ती गुडघ्यांवर उठली, वळली आणि पोरीला दोन्ही हातांवर घेऊन उखळाच्या तोंडावर वाकली. वरून पदर डोक्यावरून पुढे ओढला, असा की उखळाचं तोंड, ती आणि पोर सगळं एका पदराखाली आलं. तिला वाटलं, निदान रडणं दगडात जाईल.

पण पोरगी रडली नाही.

खाली खोल दिवा होता. वात शांत जळत होती. पोरीनं तो पाहिला आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं. डोळे मोठे झाले. तान्हं मूल उजेडाकडे पाहतं तेव्हा जगाला विसरतं. ती तशी पाहत राहिली. तिच्या गालावर तो पिवळा उजेड खालून पडला होता. त्या उजेडात मिलकानं पोरीचं तोंड एवढ्या जवळून पहिल्यांदाच नीट पाहिलं. आजवर ती फक्त श्वास मोजत होती.

पावलं बांधावरून पुढे आली, थांबली. कोणी काही विचारलं, दुसऱ्यानं उत्तर दिलं. अंधारात उखळावर वाकलेली बाई त्यांना दगडासारखीच दिसली असेल. नाहीतर कसली तरी गोणी. गावात एक उजेड नाही, धूर नाही. ओस गाव असं त्यांना वाटलं म्हणे. पावलं मागे फिरली. लाकूड घासलं. वल्हं पाण्यात, वल्हं बाहेर.

मिलका हलली नाही. तिचे हात बधिर झाले, पाठ मोडून आली, तरी हलली नाही. टेकडीवरून माणसं उतरली, बामी धावत आली आणि तिनं पदर उचलला. आधी तिनं पोरीच्या छातीवर हात ठेवला. ती छाती हलत होती. बामी उखळापाशी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आपल्या पोरासाठी ती गावासमोर तेव्हाच पहिल्यांदा रडली, असं सांगतात.

पण गोष्ट इथं संपत नाही. ती गलबतं रिकामी गेली नाहीत. दुसऱ्या फाट्यावर एक लहान वाडी होती. तिथं उजेड होता. सकाळी तिकडून धूर दिसला. त्या वाडीच्या पोरींची नावं इथं कुणाला ठाऊक नव्हती, विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. मिलकाला ते कळलं तेव्हा तिनं दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. आपली राहिली म्हणून दुसऱ्याच्या गेल्या, असं तिला वाटत राहिलं. नामीबायनं समजावलं, तरी ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

पुरुष परतले. बारशाचा दिवस आला. एलोजीनं विचारलं, नाव काय ठेवायचं? मिलका पोरीचं दुपटं सारखं करत राहिली.

तेव्हा नामीबाय बोलली. पोथ्या बुडाल्या तरी काही गोष्टी आजीकडून नातीकडे आल्या होत्या. तिनं सांगितलं, फार पूर्वी आपल्यातली एक पोर परक्या राजाची राणी झाली. घरात तिचं नाव हदस्सा. ते एका सुवासिक झाडाचं नाव. पण राजाच्या वाड्यात ती एस्तेर झाली. आपण कोण, कुठल्या, हे तिनं पोटात लपवून ठेवलं, आणि वेळ आली तेव्हाच तोंड उघडलं. त्यामुळं आपली सगळी माणसं वाचली. "एस्तेर म्हणजे लपवलेली," नामीबाय म्हणाली. "तुझ्या पोरीला हे नाव तू ठेवायचं नाहीस, ते आधीच पडलंय. तू फक्त हाक मार."

मिलकाला तरी धीर होईना. मोठ्यानं नाव घ्यायचं म्हणजे जगाला सांगायचं. ती पोरीला घेऊन उठली, बाहेर गेली आणि उखळावर वाकली. बामीला तिनं बोलावून घेतलं होतं. बामीनं दिवा आत सोडला. मिलकानं पदर पुढे ओढला आणि दगडाच्या पोटात, अगदी हळू, नाव सांगितलं.

"एस्तेर."

उखळानं ते नाव परत दिलं, जरा जाड आवाजात, जसं आतून कोणी उत्तर दिलं. पोरगी दचकली आणि हसली. मग मिलका उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, घसा साफ करून, तेच नाव मोठ्यानं घेतलं. पाळणा त्यानंतर म्हटला.

ती एस्तेर पुढे म्हातारी होऊन, नातवंडांच्या गोतावळ्यात गेली म्हणे. मिलका मात्र शेवटपर्यंत घाबरट राहिली. लोक हसायचे, नातीला खोकला आला तरी ही दिवा घेऊन पळते. आजी म्हणतात, हसू नये. भीती होती म्हणून तर ती टेकडीवर गेली नाही.

गोष्ट संपली. सूर्य बुडायला आला होता आणि वार शुक्रवार होता. बामीच्या घराण्यातली आताची सून दारातून हाक मारत आली, "आजी, दिवा लावला काय? भाकऱ्या टाकायच्यात मला, चला लवकर!" आजींनी घरात दिवा लावला. पण उचलला त्या सुनेनं. तो मान तिच्या घराचा. तिनं साखळी हळूहळू उखळात सोडली.

ठाण्याच्या बाईनं एकदा खाडीकडे पाहिलं. पाण्यावर कुणी नव्हतं. तरी तिनं पोरीला आधी घट्ट धरलं, मग ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि वाकली. आत ती काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. आजींनी विचारलंही नाही.

आजही उंबरखारात मुलीचं नाव आधी उखळाला सांगतात, मग माणसांना. आजही बारशाच्या दिवशी पाळण्याआधी मूठभर तांदूळ खाडीत सोडतात, त्या वाडीच्या पोरींसाठी, ज्यांची नावं कुणी विचारली नाहीत. आजही या गावात रडणाऱ्या पोराच्या तोंडावर कोणी हात धरत नाही, त्याला उजेड दाखवतात. आणि आजही शुक्रवारी संध्याकाळी खाडीतून पाहिलं तर सिपोराआजींच्या खिडकीत दिवा दिसत नाही. तो पाहायचा तर बांधावर यावं लागतं आणि उखळावर वाकावं लागतं.